मदत हवी आहे: आईसाठी लुधियानाची थंडी बरी की चेन्नईचा उकाडा?

सोलापूरहून बदली होतेय. लुधियाना की चेन्नई, ते महिनाअखेर कळवायचंय. आई (वय ७१) सोबत येणार. तिला संधिवात आणि रक्तदाब आहे, दमा नाही.

आपलं मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं ऊन ती सहन करते, कारण हवा कोरडी. घाम वाळतो, रात्री कूलरपुढे झोप लागते. चेन्नईत पारा ३७-३८ वरच थांबला तरी दमट हवेत घाम अंगावरच राहतो, आणि कूलरने दमटपणा आणखी वाढतो. म्हणजे एसी आलाच. बजेटमध्ये तो एकाच खोलीत बसेल.

लुधियानाचा उन्हाळा जमेल. काळजी जानेवारीची आहे: रात्री ५-६ अंश, धुकं पडलं की दिवसभर ऊन नाही, अन् फरशी गारठलेली. आईला पहाटे उठून अनवाणी वावरायची सवय. सोलापुरी चादरीवर तिथे भागणार नाही, हे कळतंय.

डॉक्टर म्हणाले, जपलं तर दोन्हीकडे जमेल. तापमानाचे आकडे पाहिले, पण त्यावरून सांध्यांचं काही कळत नाही.

घरात संधिवाताचं वयस्कर माणूस असताना दोन्हीकडे राहिलेल्यांनी कृपया सांगा: जास्त त्रास कुठे झाला, आणि वर्षातले किती महिने?