मदत हवी आहे: सकाळी मेल सर्व्हर रेंगाळतो, मेलडिर सोडून एमडीबॉक्सवर जावं का?

नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर मी एकटाच सांभाळतो. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळून लोकांना मेल दाखवणारा), साधारण १,२०० मेलबॉक्स, सगळे मेलडिर या साठवण-स्वरूपात. सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा इनबॉक्स उघडायलाच मिनिटभर लागतं, रांगेत मेल साचतात. प्रोसेसर निवांत, रॅमही शिल्लक. आयओस्टॅटमध्ये (डिस्कवरचा भार दाखवणारी कमांड) मात्र डिस्क अडलेली दिसते. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची वेगळी फाइल, तेव्हा लाखो बारीक फायलींचाच हा भार असणार.

पोस्टफिक्सची प्रोसेस मर्यादा १०० वरून वाढवली, तर डिस्कवरचा ताण उलट वाढला. लगेच पूर्ववत केली. नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ डिस्कवर नोंदवू नये असं सांगणारा पर्याय) लावल्यावर किंचित फरक पडला.

आता रांग आणि डव्हकॉटचे इंडेक्स (मेलची सूची ठेवणाऱ्या फायली) वेगळ्या एसएसडीवर हलवू, की थेट एमडीबॉक्सवर जाऊ? त्यात एका फाइलीत अनेक मेल बसतात, त्यामुळे बॅकअपही आटोक्यात येईल. पण फ्लॅग, म्हणजे मेलवरच्या खुणा, फक्त इंडेक्समध्येच राहतात. इंडेक्स बिघडला तर लोकांच्या वाचलेल्या-न वाचलेल्या मेलच्या खुणाच जातील, याची मला खरोखर भीती वाटते.

चालू सर्व्हरवर डीसिंक (मेलबॉक्स एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारं डव्हकॉटचं साधन) वापरून टप्प्याटप्प्याने कोणी हे केलंय का? आणि डव्हएडीएम पर्ज (एमडीबॉक्समधल्या काढून टाकलेल्या मेलची जागा मोकळी करणारी कमांड) किती दिवसांनी चालवता?