दलाली, कमिशन की लाच? तोफांच्या सौद्यातल्या पैशाला नेमकं काय म्हणायचं

माझे काका गुलटेकडीला मार्केटयार्डात कांदा-बटाट्याचे अडते होते आणि बोफोर्सच्या, म्हणजे त्या स्वीडिश कंपनीकडून भारताने घेतलेल्या तोफांच्या, बातमीत 'दलाली' शब्द आला की ते खरंच चिडायचे. म्हणायचे, शेतकऱ्याला आम्ही पट्टी देतो त्यावर हमाली, तोलाई, अडत सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं, मग आमच्या धंद्याचा शब्द चोरीच्या पैशाला का लावता? तेव्हा लहान होतो, कळलं नाही. आता शस्त्रखरेदीची कुठलीही बातमी वाचली की काका आठवतात, म्हणून विचारतोय, या पैशाला मराठीत काय म्हणायचं? दलाली, कमिशन, कट (इंग्रजीतला, म्हणजे वाटा), मलिदा, लाच?

माझं मत लाच. जुना शब्द आहे, संस्कृतात 'लञ्चा', गुजरातीत लांच, कन्नडमध्येही लंच. दलाल अरबीतून आला, अर्थ सौदा जुळवून देणारा, त्यात वाईट काही नाही. बोफोर्सचा करार २४ मार्च १९८६चा, ४१० तोफा, सुमारे १४३७ कोटी रुपये, आणि सरकारची भूमिका अशी की मध्यस्थ नकोच. १६ एप्रिल १९८७ला स्वीडिश रेडिओने लाच दिल्याची बातमी फोडली तर कंपनी म्हणे हे एजंटांचे जुने करार गुंडाळायचे पैसे. जिथे दलालालाच मनाई तिथे दलाली कुठून आली? (राजीव गांधींवरचा लाचेचा आरोप दिल्ली हायकोर्टाने २००४मध्ये रद्द केला, हेही लिहायला हवं.)

प्रतिसाद:
दादा, माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते त्यामुळे आमच्या घरी हा विषय जेवताना सुद्धा निघायचा. तोफ चांगली होती हो, १९९९ला कारगिलमध्ये तिनेच काम केलं, पण त्या सौद्याचा धसका असा बसला की बाहेरून नवीन तोफा घ्यायचा करार व्हायला २०१६ उजाडलं. शब्दाचं म्हणाल तर 'लाच' म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर सातबाऱ्यासाठी पाचशे मागणारा तलाठी येतो, एवढ्या मोठ्या सौद्याला तो तोकडा पडतो. त्यापेक्षा टक्केवारी बरा, कारण ते पैसे किमतीत आधीच चढवलेले असतात आणि शेवटी आपल्याच खिशातून जातात.

प्रतिसाद:
ताई, टक्केवारीचा मुद्दा पटला, पैसा कुठून येतो ते त्यातून कळतं. पण लाच शब्द तोकडा म्हणून सोडू नका, कारण घेणाऱ्या-देणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं, दुसरा कुठलातरी मऊ शब्द. जर्मनीत बोलीत याला 'श्मीअरगेल्ट' म्हणजे वंगणाचे पैसे म्हणतात, पण कंपन्या हिशोबात 'उपयुक्त खर्च' लिहायच्या आणि परदेशात दिलेली लाच १९९९पर्यंत चक्क करातून वजा व्हायची. जपानमध्ये लॉकहीड या अमेरिकन कंपनीच्या विमानांसाठी दिलेल्या पैशांच्या पावत्यांवर 'पीनट्स' लिहिलेलं, १०० शेंगदाणे म्हणजे १० कोटी येन! माजी पंतप्रधान तनाका काकुएई यांना १९७६मध्ये अटक झाली, ५० कोटी येन घेतल्याबद्दल १९८३मध्ये चार वर्षांची शिक्षा. त्याच प्रकरणातल्या, लॉकहीडचा छुपा एजंट असलेल्या कोदामा योशिओला तिकडे 'कुरोमाकू' म्हणायचे, शब्दशः काळा पडदा, आपला पडद्यामागचा सूत्रधार अगदी जवळचा वाटतो मला. या प्रकरणांनंतरच अमेरिकेने १९७७मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध कायदा केला.

तलाठ्याने पाचशे घेतले तर लाच आणि पंतप्रधानाने ५० कोटी येन घेतले तर कमिशन, हे मला नाही पटत. मलिदा तर नकोच, तो खायचा गोड पदार्थ आहे, ऐकताना राग येत नाही.

तुमचा शब्द घेऊन वाक्य असं केलंय: 'कंपनीने तोफांच्या किमतीत टक्केवारी चढवली आणि ती लाच म्हणून वाटली.' चालेल का? आणि फॅक्टरीत वडिलांच्या बरोबरचे लोक या पैशाला काही वेगळं म्हणायचे का, आठवत असेल तर लिहा.