गारपिटीचा इशारा आणि गाय आज-उद्या व्यायची, काय तयारी करू?

गवळाऊवाली (कारंजा घाडगे, जि. वर्धा)
आमची गवळाऊ गाय पहिलारू आहे, पहिलंच वेत. 3 जूनला फळली, नऊ महिने नऊ दिवस धरले तर उद्या 12 मार्चला भरतात. कास तटतटली आहे, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे खड्डे पडलेत. आणि दुपारपासून आभाळ काळंकुट्ट. कोठा पश्चिमेकडून उघडा, टिनं जुनी. हे हरभऱ्याची गंजी झाकायला वावरात गेलेत, घरी मी आणि सासूबाई. त्या म्हणतात, व्याल्यावर वार (जार) पडेस्तोवर वासराला चीक, म्हणजे पहिलं दूध, पाजायचा नाही. कालवड होती तेव्हापासून हातानं वाढवली आहे हो तिला. लवकर सांगा.

संत्राबाग (आर्वी)
ताई, आधी पश्चिमेची बाजू बंद करा. पऱ्हाट्यांचे नाहीतर तुराट्यांचे भारे उभे रचा, वरून ताडपत्री बांधा. खाली कोरडं कुटार वीतभर पसरा. वीज कडाडली तरी गाय निंबाखाली बांधू नका.

2014 च्या गारपिटीत आमचा संत्र्याचा आंबिया बहार झडला, गहू झोपला, ते सगळं भरून निघालं. वासरू गेलं ते अजून डोळ्यासमोर आहे. रात्री अडीचला गाय व्याली. आम्ही टिनं उडू नये म्हणून दगड ठेवत होतो, अर्ध्या तासानं आत आलो. गोऱ्हा ओल्या अंगानं वाऱ्यात पडलेला. गार एकही लागली नव्हती त्याला. ओल्या अंगावर वारा लागला की अंगातली ऊब निघून जाते, मार्च असला तरी. तोंडात बोट घातलं तर आतून थंडगार, चोखेचना. घाबरून बाटलीनं दूध ओतलं, ते फुप्फुसात गेलं. ती चूक माझी.

म्हणून सांगतो, वासरू पडलं की नाकातोंडातला चिकटा काढा, गाईला चाटू द्या आणि तुम्हीही बारदान्यानं खसाखसा पुसा, केस उभे राहीपर्यंत. तोंड थंड लागलं तर आधी ऊब, मग चीक. घमेल्यात निखारे ठेवाल तर कुटारापासून लांब, धूर नको.

सेलूची काकू
सासूबाईंना माझ्याकडून हात जोडून सांग बाई, आमच्याकडेही हेच म्हणायचे. पण रोगाशी लढायची ताकद वासरू आईच्या पोटातून आणत नाही, चिकातूनच घेते, आणि ती शोषून घ्यायची त्याच्या आतड्यांची दारं तासातासाला बंद होत जातात. दोन तासांच्या आत पाज. वीस किलोचं वासरू असेल तर दोन लिटर, दोनदा करून. वासरानं चोखलं की वारही सुटायला मदतच होते. बारा तासांत नाही पडली तर ओढू नको, डॉक्टर बोलाव. नाळेला टिंक्चर आयोडीन लाव. पाणमोट फुटून दोन तास झाले नि पुढचे दोन पाय आणि नाक दिसलं नाही, तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांच्या 1962 या नंबरला फोन.

गवळाऊवाली
पहाटे सव्वाचारला व्याली. कालवड आहे, पांढरीशुभ्र. गारा तासभर पडल्या, टिनांचा आवाज एवढा की शेजारी उभ्या सासूबाईंचं बोलणं ऐकू येईना. त्यांनीच आपलं जुनं लुगडं फाडून तिला पुसलं. पाचला उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. सडाशी मी नेलं नाही, त्यांनीच नेलं. वार आठ वाजता पडली. हरभऱ्याचं हे येऊन सांगतील, अजून वावरातच आहेत.