मडी वॉटर्स यांच्या इलेक्ट्रिक गिटारने नेमके काय बदलले?

प्रश्न (सांगली)
नमस्कार. इलेक्ट्रिक ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गायनप्रकाराच्या विजेच्या गिटारवरील रूपाचा, विषय निघाला की गायक-गिटारवादक मडी वॉटर्स यांचे नाव आधी घेतले जाते. परंतु टेक्सासचे टी-बोन वॉकर यांनी १९४२ मध्येच इलेक्ट्रिक गिटारवर ध्वनिमुद्रण केले होते. मग वॉटर्स यांना एवढा मान का? केवळ आवाज वाढला, की वादनच बदलले? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (मिरज)
वॉकर यांचे श्रेय अबाधित आहे. मात्र त्यांचे वादन नागर, जॅझच्या अंगाने जाणारे होते, तर वॉटर्स यांनी मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतले गाणे त्याच्या खडबडीतपणासह शिकागोत आणले. क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ते आजीकडे वाढले. तेथेच १९४१ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी त्यांचे गाणे मुद्रित केले आणि १९४३ मध्ये ते शिकागोला गेले. तिथल्या गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत साध्या गिटारचा निभाव लागेना, म्हणून इलेक्ट्रिक गिटार हाती आली, हे खरे. पण अ‍ॅम्प्लिफायरवर ताण आला की सूर किंचित फाटतो, आणि करंगळीत घातलेली नळी तारेवरून सरकवली की तो फाटका सूर मींडेसारखा लांबत जातो. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत घोडीवर कानस फिरवून जवारी काढणारा कारागीर ज्या झंकारासाठी कान लावून बसतो, त्याची मला इथे नेहमी आठवण होते, कारण दोन्हीकडे शुद्ध स्वरापेक्षा त्याच्याभोवतीची गुंज महत्त्वाची असते.

उत्तर (सातारा)
यात वाद्यवृंदाची भर घालायला हवी, कारण माझ्या मते वॉटर्स यांचे मोठे काम तेच आहे. लिटल वॉल्टर हार्मोनिका आणि मायक्रोफोन एकाच ओंजळीत धरून वाजवत, जिमी रॉजर्स दुसरी गिटार सांभाळत, पियानोवर ओटिस स्पॅन असत. हा साचाच पुढे रॉक संगीताने उचलला. इंग्लंडमधील रोलिंग स्टोन्स या रॉक बँडने तर आपले नावच त्यांच्या १९५० च्या गाण्यावरून घेतले. रॉक अँड रोलचे गायक-गिटारवादक चक बेरी यांना शिकागोतील चेस या ध्वनिमुद्रण कंपनीची वाट दाखवणारेही वॉटर्सच.

प्रश्नकर्ता (सांगली)
दोघांचेही मनापासून आभार. हा फरक कानांनी पडताळायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर (मिरज)
लोमॅक्स यांनी मुद्रित केलेले ‘आय बीज ट्रबल्ड’ आणि १९४८ चे ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ लागोपाठ ऐका. गाणे मुळात एकच आहे, आणि दुसऱ्यात साथीला केवळ बास हे खर्जाचे तंतुवाद्य आहे, त्यामुळे विजेने गिटारचे काय केले ते स्पष्ट कळते. शिकागोत ती तबकडी हातोहात खपली होती. वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे त्यानंतर ऐकावीत, आणि शक्यतो मोबाइलवर नव्हे, चांगल्या स्पीकरवर. खालचे स्वर त्याशिवाय पोहोचत नाहीत.