‘चढवणे’, ‘ओढणे’ आणि ‘सज्ज’ : धनुष्य घडवतानाचे मराठी शब्द

प्रश्न

धामणीच्या लाकडाचे किंवा बांबूचे धनुष्य घरी घडवू पाहणाऱ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक तयार होते आहे. चार ठिकाणी शब्द अडले आहेत.

‘प्रत्यंचा चढवलेले धनुष्य रात्रभर ठेवू नका’ हे वाक्य वाचून बरेच जण ‘दोरी ओढून धरू नका’ असा अर्थ घेतात. या दोन क्रिया वेगळ्या कशा सांगाव्यात? दुसरे, धनुष्य दोन्हीकडे सारखे वाकावे म्हणून लाकूड थोडे थोडे खरवडतात, इंग्रजीत ज्याला टिलरिंग म्हणतात, त्या कामाला मराठीत काय म्हणावे? तिसरे, धनुष्याची मूठ आणि दोरी यांतल्या अंतराला काही नाव आहे का? आणि चौथे, ‘40 पौंड वजनाचे धनुष्य’ हे बरोबर आहे का?

उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोजच्या बोलण्यातच आहे : सज्ज. हा शब्द ‘सज्य’वरून आला. स म्हणजे सह, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी चढवलेले धनुष्य ते सज्य, आणि त्यावरून तयार, सिद्ध असा अर्थ रूढ झाला. संस्कृतात ‘अधिज्य’ असाही शब्द आहे, पण तो आता पुस्तकातच राहिला. सज्ज मात्र सगळ्यांना कळतो आणि इथे तो मूळ अर्थानेच बसतो.

म्हणून क्रिया अशा मांडाव्यात : दोरी चढवणे, दोरी ओढणे, दोरी सोडणे, दोरी उतरवणे. चढवणे म्हणजे दोरीचा फास वरच्या टोकाच्या खाचेत बसवणे. तेव्हा धनुष्य थोडे वाकते आणि तसेच राहते. ओढणे म्हणजे नेमाच्या वेळी दोरी हनुवटीपर्यंत आणणे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातही राम आधी दोरी चढवतो, मग ओढतो, आणि धनुष्य मधोमध मोडते ते ओढताना. कथेत सांगताना ‘प्रत्यंचा चढवताच मोडले’ असे आपण सरसकट म्हणतो, त्यामुळे दोन्ही क्रिया डोक्यात एक झाल्या आहेत.

पत्रकात लिहा : ‘सज्ज धनुष्य रात्रभर ठेवू नका, काम झाले की दोरी उतरवा.’ आणि त्याखाली वेगळ्या ओळीत : ‘दोरी ओढून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.’ दोन्ही सूचना हव्यातच, कारण दोन्ही चुकांनी लाकूड थकते. तिसरी सूचना यांहून मोलाची : ‘बाण न लावता ओढलेली दोरी सोडू नका.’ बाणाबरोबर जाणारी शक्ती जायला जागा उरत नाही, ती उलटून धनुष्याच्या भुजांत (मुठीच्या दोन्हीकडच्या वाकणाऱ्या भागांत) आणि दोरीत शिरते. चांगले घडलेले धनुष्यही एका रिकाम्या सोडण्याने फुटू शकते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, सुतारकामाच्या बाजूने

टिलरिंगला नवा शब्द पाडायची गरज नाही. ‘बाक साधणे’ म्हणा. पतंगाची कामटी चाकूने खरवडून दोन्ही बाजूंना सारखी लववतात, ते हेच काम आहे. फरक एवढाच की इथे चूक झाली तर कामटी बदलता येत नाही.

काम कसे चालते ते सांगितले की शब्द आपोआप जागेवर बसतात. 172 सेंमी लांबीचे, मुठीलगत 38 ते 40 मिमी रुंद आणि टोकाला 12 मिमीपर्यंत निमुळते धनुष्य धरा. सुरुवातीची जाडी मुठीलगत 15-16 मिमी, टोकांकडे 10-11 मिमी. आधी टोक जमिनीला टेकवून, मुठीवर हात ठेवून दाबायचे. दोन्ही भुजा थोड्या लवायला लागल्या की धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर आडवे बसवायचे, लांब दोरी लावायची आणि ती खालच्या कप्पीतून ओढून दूर उभे राहून बाक पाहायचा. भिंतीवर 5-5 सेंमीच्या आडव्या रेघा मारलेल्या असल्या की डोळा फसत नाही. ओढ एकदम वाढवायची नाही : आधी 10 सेंमी, मग 15, मग 20.

लाकूड कमी करायचे ते पोटाकडून (धनुर्धाऱ्याकडच्या बाजूने), पाठीकडून कधीच नाही. आधी रंधा किंवा लाकडाची खरबरीत कानस, शेवटच्या टप्प्यात करवतीच्या जुन्या पात्याचा तुकडा किंवा काच. जाडीचा हिशेब कायम लक्षात ठेवा : ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली की ताठपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणाही दहाच टक्के कमी होतो. म्हणून शेवटी पात्याने कागदासारखा पापुद्रा निघतो, तेवढाच काढायचा. दर खेपेला खरवडून झाले की पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडायचे (म्हणजे दोरी हातातच ठेवून परत न्यायची), मगच पुन्हा बाक पाहायचा. लाकूड नव्या जाडीला जुळायला एवढा वेळ घेते. ही पायरी गाळली की बाक उशिरा दिसतो, आणि तोवर जास्त लाकूड निघून गेलेले असते.

एखाद्या जागी भुजा कोपरासारखी वाकते, त्याला इंग्रजीत बिजागरीचे नाव देतात. आपण ‘लचक’ म्हणावे. लचक जिथे आहे तिथे हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही बाजूंना खरवडायचे. नवशिक्यांची धनुष्ये मोडतात ती बहुधा इथेच, कारण हात नेमका त्याच जागी जातो.

दोरी उतरवल्यावरही भुजा पोटाकडे थोडी वाकलेलीच राहते, तो ‘मुरलेला बाक’. अडीच-तीन सेंमी चालतो. पाचाच्या पुढे गेला तर लाकूड ओले होते किंवा बाक सारखा नसताना ओढ वाढवली होती.

पुरवणी : पाठ आणि पोट

वर पाठ आणि पोट हे शब्द आले, त्यांवर नेहमी गोंधळ होतो. धनुष्याची पाठ लक्ष्याकडे असते, पोट धनुर्धाऱ्याकडे. ओणवा माणूस डोळ्यांपुढे आणा. पाठीची कातडी ताणली जाते, पोटाला वळ्या पडतात. लाकडाचेही तसेच : पाठ ताणाखाली, पोट दाबाखाली. त्यामुळे बिघाडही दोन तऱ्हेचे. पाठीवरचे तंतू तुटले की चोय, म्हणजे लाकडाची उभी ढलपी, उठते आणि धनुष्य मोडते. पोट हरले की आडवी बारीक सुरकुती दिसते. ती नखाला लागते, प्रकाश तिरका धरला की दिसते. सुरकुती पडलेले धनुष्य लगेच मोडत नाही, पण तिथली ताकद गेली असे समजावे.

पाठीवर एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखायचे ते याचसाठी. वलय मध्येच कापले गेले की तिथून चोय उठते. बांबूत हे काम आयते झालेले असते, सालीलगतचे तंतू सर्वांत दाट असतात. लाकडाला बांबूची पट्टी चिकटवायची तर साल बाहेर, म्हणजे पाठीकडे. पेरांच्या गाठी थोड्या फुगीर राहू द्याव्यात, रंध्याने सपाट केल्या की तंतू कापले जातात.

एक खबरदारी शब्दाची. धनुर्वातात शरीर मागे वाकते, धनुरासनातही. म्हणजे तिथे माणसाचे पोट ताणलेले आणि पाठ आत. ओणव्याची उपमा घ्या, आसनाची नको, नाहीतर शिकणारा उलट बाजू खरवडेल.

हरकत : ‘वजन’ नको

‘40 पौंड वजनाचे धनुष्य’ वाचून कोणीही ते 18 किलोचे समजेल. असे धनुष्य हातात घेतले तर किलोपेक्षा कमी भरते. मोजतो ते दोरी पूर्ण ओढायला लागणारे बळ. मोटेची ओढ, बैलाची ओढ या अर्थाने शब्द घरचाच आहे : ‘40 पौंड ओढीचे धनुष्य’. सोबत किती लांबीवर, तेही हवे : ‘28 इंचांवर 40 पौंड ओढ’. लांबीविना आकडा अपुरा, कारण तेच धनुष्य 26 इंचांवर बरेच हलके लागते.

बाणाच्या काडीच्या बाबतीतही असाच धोका आहे. इंग्रजीतल्या स्पाइनचे ‘कणा’ असे भाषांतर दिसते, त्यातून काही कळत नाही. ‘काडीचा ताठपणा’ म्हणा. मोजायची रीत सोपी : काडी 26 इंच अंतराच्या दोन टेकूंवर ठेवा, मध्ये 2 पौंडांचे वजन टांगा, किती इंच लवली ते पाहा. 26 ला त्या आकड्याने भागले की ती काडी साधारण किती ओढीला चालेल ते कळते. 0.65 इंच लवली तर 40 पौंड. काडी फार ताठ असली तर सुटताना मुठीला वळसा घालून जात नाही आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असली तर उजवीकडे.

दोरीबद्दल थोडे

प्रत्यंचा, ज्या, मौर्वी, गुण, जीवा, फारसीतून आलेला चिल्ला, असे पुष्कळ शब्द आहेत. त्यांतला जीवा आपण शाळेत वापरतोच : वर्तुळाची जीवा म्हणजे कंसाच्या दोन टोकांना बांधलेली दोरी. मौर्वी म्हणजे मूर्वा नावाच्या वेलीच्या तंतूंची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोऱ्यांची सामग्री सांगताना मूर्वा, अर्क म्हणजे रुई, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू अशी नावे येतात. यातला वेणु अनेकांना खटकतो, बांबूची दोरी कशी होणार? पण भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्या सालीची चिरून घोटलेली पट्टीच दोरी म्हणून असते. आणि धनुष्यासाठीच्या त्यांच्या ‘कामठी’ या शब्दाशी आपला ‘तिरकमठा’ जोडलेला आहे.

पत्रकात मात्र साधे ‘दोरी’च लिहा. दोरी वळणाऱ्यांचे शब्द नेमके आहेत : पदर, पेड, पीळ. 40 पौंड ओढीला डेक्रॉनचे (पॉलिएस्टर धाग्याचे) 12 ते 14 पदर, दोन पेडांत विभागून. प्रत्येक पेडाला पीळ एका दिशेने, दोन्ही पेड एकमेकांवर वळायचे ते उलट दिशेने. दोन्ही एकाच दिशेने वळले की फास ओढीखाली सुटत जातो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

मूठ आणि दोरी यांतल्या अंतराला ‘दोरीची उंची’ पुरेसे आहे. पण ‘मुठीच्या पोटापासून, काटकोनात’ हे एकदा लिहावे, नाहीतर कोणी पाठीपासून मोजेल. माप 15 ते 17 सेंमी. पट्टी हाताशी नसेल तर अंगठा ताठ करून हाताची मूठ धनुष्याच्या मुठीवर टेकवा, अंगठ्याचे टोक दोरीला लागले पाहिजे. आपली टीच, म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताणून होणारे अंतर, तीही जवळपास एवढीच. उंची कमी पडली तर दोरी मनगटावर बसते आणि सुटताना धनुष्य हादरते. अशा वेळी दोरी उतरवून तिला आणखी पाच-सहा पीळ द्यायचे. जास्त झाली तर तेवढेच सोडायचे.

प्रश्नकर्त्याकडून

सुधारलेली वाक्ये अशी झाली : ‘बाक साधताना ठरलेल्या ओढीच्या पुढे कधीही ओढू नका. लचक दिसली की तिथे खरवडणे थांबवा. सज्ज धनुष्याची दोरीची उंची 15 ते 17 सेंमी ठेवा. काम झाले की दोरी उतरवा.’ एक शंका उरली. वरची भुजा खालच्या भुजेपेक्षा किंचित जास्त वाकलेली ठेवतात, ते कसे लिहावे?

उत्तर

असे लिहा : ‘सज्ज असताना दोरी आणि भुजा यांतले अंतर मुठीपासून सारख्या लांबीवर दोन्हीकडे मोजा. वरच्या भुजेपाशी ते 3 ते 5 मिमी जास्त असावे.’ कारणही एका ओळीत द्या : बोटे दोरीच्या मध्याच्या थोडी वर पडतात आणि हाताचा दाब मध्याच्या खाली, त्यामुळे खालच्या भुजेवर जास्त भार येतो, म्हणून ती थोडी ताठ हवी. आणि घडवतानाच पेन्सिलने वरच्या भुजेवर बाणाची खूण करून ठेवायला सांगा. खुंटीवर धनुष्य दहा वेळा चढते-उतरते, तेवढ्यात वर-खाली सहज बदलते.