चणक माशांच्या खाद्यात समुद्री शेवाळ: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यात चोडणला आमची थोडी खाजन जमीन (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) आहे, मानशीला (भरतीचं पाणी आतबाहेर सोडायचं दार) लागून पाऊण एकराचं तळं. तीन वर्षं त्यात चणक पाळतोय (महाराष्ट्रात जिताडा म्हणतात तोच).

यंदा आठवडाभर पाऊस कोसळला आणि पाणी एकदम गोडं झालं. तेव्हापासून मासे मलूल. एरवी खाद्य टाकलं की पाणी उकळल्यासारखं व्हायचं, आता गोळ्या तशाच तरंगत राहतात. काल एक धरून पाहिला, शेपटीची कड झिजलेली, पोटाकडे लाल ठिपके.

खाद्यवाल्याने समुद्री शेवाळाची पावडर गळ्यात मारली. पाकिटावर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ एवढंच. शेवाळ कुठलं, किती घालायचं, पत्ता नाही. अँटिबायोटिक मला नकोच, मासा शेवटी कोणाच्या तरी ताटात जातो. घरच्यांचं म्हणणं, हणजुणेच्या खडकांवर पावसाळ्यानंतर सरगॅसम हे तपकिरी शेवाळ मुबलक येतं, तेच वाळवून दळ. चालेल का? कोणी चणकाला दिलंय का?

प्रतिसाद १
काणकोणला पिंजऱ्यात चणक आहेत माझे. शेवाळ देतो, पण ते औषध नव्हे हो. त्यातली फ्युकॉइडन, लॅमिनारिनसारखी द्रव्यं माशाची प्रतिकारशक्ती जागी करतात. आजारी पडल्यावर नाही, ताणाचे दिवस यायच्या दोनतीन आठवडे आधी द्यायचं. आणि चणक पडला मांसखाऊ. शेवाळातली पिठूळ द्रव्यं त्याला नीट पचत नाहीत, जास्त घातलंत तर वाढ खुंटते. मी किलोभर खाद्याला वीस ग्रॅमच्या वर जात नाही. माशाच्या तेलात कालवून गोळ्यांना चोळायचं आणि सावलीत सुकवायचं, नाहीतर पाण्यात धुऊन जातं.

प्रतिसाद २
सरगॅसम गोड्या पाण्यात चारपाच वेळा धुवावं लागतं, वाळू आणि मीठ फार. शिवाय ते आर्सेनिक शोषून घेतं. मांडवी-झुआरीच्या मुखाजवळचं तर मी घेणारच नाही, इतकी वर्षं खनिजाच्या बार्जी गेल्या तिथून. मुळासकट ओरबाडू नका, लहान मासे त्यातच लपतात.
पण आधी पाणी बघा. चणक गोड्या पाण्यातही जगतो, त्याला बाधतो तो अचानक बदल. पावसाचं गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर बसले की तळाशी ऑक्सिजन संपतो. पहाटे मोजलात का? लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर शेवाळ काय करणार? ठिपकेवाला मासा जिवंत असतानाच जुन्या गोव्याच्या आयसीएआर संस्थेत (केंद्र सरकारची कृषी संशोधन संस्था) दाखवा.

धागाकर्ता
शेजाऱ्याचं मीटर आणून आज पहाटे साडेपाचला मोजलं. वर ५, तळाशी २.६. एरेटर लावलाय, भरतीला मानसही उघडतो. दोन मासे पिशवीत ऑक्सिजन भरून घेऊन निघालोय. पावडरचं पाकीट अजून फोडलेलं नाही, खाद्यवाला परत घेतो का बघतो.