‘डालड्याचा डबा’ की ‘वनस्पती तुपाचा डबा’? स्मरणिकेतील कंपन्यांच्या नावांविषयी

शाईदौत (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावातील शाळेला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असल्याने एक स्मरणिका काढण्याचे ठरले असून तिच्या संपादनाचे काम माझ्याकडे आणि माझ्याहून वयाने व अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या एका सहकाऱ्यांकडे आहे. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी तपासताना आमचा एका गोष्टीवर मतभेद झाला आहे. एका लेखात असे वाक्य आहे: ‘वर्गाबाहेर डालड्याच्या डब्यात तुळस लावलेली असे आणि तिला पाणी घालण्याची ज्याची पाळी असेल, त्याला पहिल्या तासाला पाच मिनिटे उशीर माफ असे.’ सहकाऱ्यांनी तेथे ‘वनस्पती तुपाच्या डब्यात’ अशी दुरुस्ती केली. दुसऱ्या लेखातील ‘झेरॉक्स काढून आणल्या’ याचे ‘छायाप्रती काढून आणल्या’ असे झाले. ‘गुरुजी लुनेवरून येत’ हे वाक्य त्यांनी ठेवले, परंतु विशेषनामाला सामान्यरूप (प्रत्ययापूर्वी शब्दात होणारा बदल) होऊ नये, म्हणून ‘लूनावरून’ असे केले.

कंपन्यांची फुकट जाहिरात आपण का करावी, आणि उद्या कोणी कायदेशीर हरकत घेतली तर काय, असे त्यांचे दोन आक्षेप आहेत. मला दुरुस्त्या खटकतात, पण का खटकतात हे नेमके सांगता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

मात्रावेलांटी

आपल्याला जे खटकते आहे, त्याचे उत्तर आपण दिलेल्या वाक्यांतच आहे. ‘डालडा’ हे नाव मराठी नाही. डच कंपनीच्या ‘डाडा’ या नावात लिव्हर कंपनीने आपला ‘ल’ घातला आणि १९३७ मध्ये ते वनस्पती तूप ‘डालडा’ म्हणून बाजारात आणले. त्या एका अक्षराने काय झाले ते पाहा. शब्द ऐकताच आंबा, घोडा, पाळणा या कुळातला वाटू लागला आणि मराठी माणसाने कोणालाही न विचारता त्याचे ‘डालड्याचा’, ‘डालड्यात’, ‘डालड्याने’ करून टाकले. ज्या शब्दाचे सामान्यरूप लोक सहज करतात, तो शब्द घरातला झाला, असे मी समजतो. त्याच न्यायाने ‘कॅडबरी’चे अनेकवचन ‘कॅडबऱ्या’ होते. जीप तर इतकी मुरली आहे की ‘जिपेतून’ म्हणताना हेही एका कंपनीचे नोंदलेले नाव आहे, याची आठवण कोणालाच होत नाही.

उलट उदाहरण अधिक मजेचे आहे. पार्ले ही कंपनी १९२९ मध्ये विलेपार्ले येथे सुरू झाली आणि गावाचेच नाव तिने घेतले. गावाचे सामान्यरूप आपण बिनदिक्कत करतो: ‘मी पार्ल्याला राहतो’, ‘पार्ल्यात उतरलो’. बिस्किटाच्या बाबतीत मात्र ‘पार्लेचा पुडा’ किंवा ‘पार्ले-जीचा पुडा’ असेच म्हणतो. ‘पार्ल्याचा पुडा’ म्हटले, तर तो पार्ल्याहून आणलेला वाटेल. म्हणजे परदेशी डालडा मराठीप्रमाणे चालतो आणि अस्सल मराठी गावाचे नाव वेष्टनावर चढले की ताठ उभे राहते!

नावाला आदरार्थी बहुवचन लागते की नाही, यावरूनही बरेच कळते. ‘चितळ्यांची बाकरवडी’ आणि ‘बेडेकरांचे लोणचे’ म्हणताना आपण एका कुटुंबाबद्दल बोलत असतो, पण ‘गोदरेजचे कपाट’ आणि ‘टाटाचे मीठ’ म्हणताना वस्तूबद्दल. किर्लोस्करांकडे दोन्ही प्रकार सापडतात. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला, म्हणून म्हातारी माणसे ‘किर्लोस्करांचा नांगर’ म्हणत, तर विहिरीवर बसला तो ‘किर्लोस्करचा पंप’.

लिंगाबाबतही लोक मनाला येईल तसे करत नाहीत. झेरॉक्स स्त्रीलिंगी, कारण तिच्यामागे ‘प्रत’ उभी आहे. लूना स्त्रीलिंगी, कारण ती गाडी, आणि शिवाय आकारान्त असल्याने ‘शाळा’, ‘भाषा’ यांच्या वळणाने ‘लुनेवर’ होते. कोलगेट नपुंसकलिंगी, माझ्या मते त्याने ‘दंतमंजन’ या शब्दाची जागा घेतली म्हणून. सहकाऱ्यांचा विशेषनामाचा नियम व्यक्तिनामांपुरता समजण्यासारखा आहे (तेथेही ‘सीतेला’ हे ‘सीताला’पेक्षा मला बरे वाटते), पण गुरुजी ज्या लुनेवरून येत ती विशेषनाम उरलेलीच नव्हती. फिरोदियांच्या पुण्यातील कायनेटिकने १९७२ मध्ये लूना आणली आणि काही वर्षांतच पायडल असलेली कोणतीही छोटी दुचाकी म्हणजे लूना झाली.

कोपऱ्यावरचे दुकान

मी व्याकरणातला नाही. तालुक्याच्या ठिकाणी माझे स्टेशनरीचे आणि किराण्याचे छोटे दुकान आहे, तेव्हा गल्ल्यावरून जे ऐकू येते ते सांगतो. दुकानावर पाटी ‘झेरॉक्स काढून मिळतील’ अशी आहे आणि आतले यंत्र कॅननचे आहे. यात कोणालाही विसंगती वाटलेली नाही. मलाही हा प्रश्न वाचेपर्यंत वाटली नव्हती.

मागच्या जून महिन्यात एक आजोबा नातवाच्या दाखल्यासाठी अर्ज घेऊन आले. अर्जाखाली ‘सोबत कागदपत्रांच्या साक्षांकित छायांकित प्रती जोडाव्यात’ असे छापलेले होते. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरून विचारले, “हे छायांकित म्हणजे फोटो लावायचे का?” मी म्हटले, “नाही हो आजोबा, झेरॉक्स.” त्यावर ते म्हणाले, “मग मराठीत लिहायला काय झालं होतं?” मी काहीच बोललो नाही आणि झेरॉक्स काढून दिल्या.

किराण्याच्या बाजूला ‘कोलगेट द्या’ म्हटल्यावर ‘कोणते?’ असे विचारावेच लागते, आणि ‘क्लोजअपचे कोलगेट’ हे उत्तर मी कितीतरी वेळा ऐकले आहे. बाटलीबंद पाणी मागणारा ‘बिसलरी’ म्हणतो आणि जी थंड असेल ती घेऊन जातो. डबा ‘रथ’ या दुसऱ्या वनस्पती तुपाचा असला, तरी तो डालड्याचाच डबा, हे तर आमच्या वडिलांच्या काळापासून चालत आले आहे. तेव्हा जाहिरातीचा आक्षेप मला पटत नाही, कारण एका कंपनीचे नाव घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचा माल नेते, हे मी रोज पाहतो.

तळटीप

माझा सूर थोडा वेगळा आहे. ‘छायाप्रत’ हा चांगला, लहान आणि अर्थवाही शब्द आहे, आणि आजोबा अडखळले ते ‘छायांकित प्रत’ या लांबलचक सरकारी रूपाला. सावरकरांनी सुचवलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द रुळले, कारण छापणाऱ्यांनी ते न थकता छापले. त्यामुळे स्मरणिकेतील आपली निवेदने, सूचना आणि अहवाल यांत ‘छायाप्रत’ अवश्य लिहावे. आठवणींच्या लेखात मात्र लेखकाचा शब्द बदलू नये, एवढ्यापुरता मी वरील दोघांच्या बाजूचा आहे. चेस्टर कार्लसन यांनी न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरियात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली कोरडी प्रत काढली. ग्रीक भाषेत ‘झेरॉस’ म्हणजे कोरडे. ओल्या रसायनांशिवाय प्रत निघते, हे त्या नावातच सांगितलेले आहे. ‘छाया’ या शब्दात तो कोरडेपणा नाही, पण वाचणाऱ्याला तो हवा असतो असेही नाही.

मुद्दासूद

कायद्याच्या भीतीपुरते लिहितो. आपल्याकडे १९९९ चा व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम लागू आहे आणि त्यातील उल्लंघनाचा प्रश्न मुख्यतः व्यापाराच्या ओघात केलेल्या वापराशी निगडित असतो. एखाद्या माजी विद्यार्थ्याने आठवणीत ‘डालड्याचा डबा’ लिहिले, म्हणजे त्याने तूप विकायला काढले असे होत नाही. लेखांना हात लावण्याची गरज नाही.

कंपन्यांची चिंता वेगळीच असते. नाव वस्तूचेच होऊन बसले, तर त्यावरचा हक्क जाऊ शकतो. आपण ज्याला थर्मास म्हणतो, त्या ‘थर्मॉस’ शब्दाबाबत अमेरिकेतील न्यायालयाने १९६३ मध्ये तो शब्द सर्वसाधारण झाल्याचे मान्य केले. त्याआधी ‘एस्केलेटर’चेही तेथे तेच झाले होते. म्हणूनच झेरॉक्स कंपनी वर्षानुवर्षे जाहिराती देऊन लोकांना आपले नाव क्रियापदासारखे वापरू नका अशी विनंती करत आली, आणि प्रत्येक पाण्याची बाटली बिसलेरी नसते हे त्या कंपनीलाही जाहिरातीतून सांगावे लागले. आपल्या कायद्यातही चालू भाषेत रूढ झालेल्या शब्दाची चिन्ह म्हणून नोंदणी नाकारण्याची तरतूद आहे.

काळजी घ्यायची ती स्मरणिकेच्या जाहिरातींच्या पानांवर. एखाद्या स्थानिक दुकानदाराने दुसऱ्याच बनावटीच्या टाक्या विकताना ‘सिंटेक्सच्या टाक्या मिळतील’ असा मजकूर दिला, तर तो व्यापारातला वापर झाला. तेथे ‘प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या’ असे करून घ्यावे.

शाईदौत

सर्वांचे मनापासून आभार. काल सहकाऱ्यांना ही सारी चर्चा वाचून दाखवली. ‘डालड्याच्या डब्यात’ आणि ‘लुनेवरून’ ही रूपे परत ठेवण्यास त्यांनी संमती दिली. ‘पार्ल्याचा पुडा’ ऐकून ते बराच वेळ हसत होते. अध्यक्षांच्या निवेदनात ‘छायाप्रत’ राहील आणि लेखात ‘झेरॉक्स’. टाक्यांची जाहिरात खरोखरच आलेली होती. मजकूर बदलण्यासाठी दुकानदारांना आज फोन केला, तर ते म्हणाले, “बदला, पण लोकांना कळलं पाहिजे की मी सिंटेक्स ठेवतो.” ते ठेवतात त्या टाकीवर दुसरेच नाव आहे.

आता एकच अडले आहे. ताज्या बॅचच्या एका मुलीने लिहिले आहे की, सरपंचांची निवडणूक झाली तेव्हा शाळेसमोर दोन जेसीबी उभे करून गुलाल उधळला आणि गणिताच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. सहकारी तेथे ‘उत्खनन यंत्रे’ करू पाहत आहेत.

मात्रावेलांटी

जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थांच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. त्यांनी १९४५ मध्ये धंदा सुरू केला तेव्हा गुलालाची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते. ‘उत्खनन यंत्रांतून गुलाल उधळला’ असे छापले, तर गावात कोणालाही कळणार नाही. जेसीबी पुल्लिंगी ठेवा, दोन्ही वचनांत रूप तेच राहू द्या आणि मुलीने लिहिले आहे तसेच छापा.